नाव माझं, काम ताईचं

सोहार, ओमान
१२ जानेवारी २०२५

ताई,

फोन केला की तू "वर्गात आहे रे" म्हणून ठेवतेस, आणि इथे खोलीत सहाजण कान लावून बसलेले असतात. म्हणून मेल लिहितोय. हसू नकोस. नववीत नापास झालेला माणूससुद्धा एका बोटाने टाइप करू शकतो. फक्त चुकांवर लाल गोल मारून परत पाठवू नकोस, मॅडम.

आमच्या हॉटेलात २१४ नंबरला एक अमेरिकन उतरलाय. महिना झाला. हाफ चड्डीवर स्विमिंग पूलजवळ बसतो, मांडीवर लॅपटॉप. लाँड्रीतून त्याचे शर्ट वर नेऊन द्यायचं काम माझ्याकडे. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, साहेब, सुट्टी किती मोठी? तो म्हणाला, सुट्टी कसली, हे माझं काम आहे. कंपनी तिकडे शिकागोला आणि हा मन लागेल तिथे. आता पोर्तुगालला चाललाय. तिथे म्हणे अशा लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळा व्हिसा असतो. बाहेरच्या कंपनीचा करार दाखवायचा, दर महिन्याला मिळकत येते हे दाखवायचं. काही वर्षं नीट राहिलं तर कायमचं राहायला मिळतं.

मी शर्ट खुर्चीवर ठेवले आणि बाहेर येऊन जिन्यातच बसलो. ताई, हे सगळं माझ्याकडे आहे की! तीन वर्षं झाली, परदेशी मालिकांच्या खाली मराठी ओळी लिहायचं काम कोण करतो? केनी रॉबर्ट लोपीस. खरं काम तू करतेस, ते मी विसरलेलो नाही. तुझ्या अनुदानित शाळेत दुसरी नोकरी चालत नाही, म्हणून तू म्हणालीस, केन्या, तुझं नाव दे. मी दिलं. माणिकपूरच्या बँकेतलं खातंही माझंच. म्हणजे कागदावर मी साहेब आणि इथे लाँड्रीत दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री मारतोय!

माझा विचार असा. तू गिरीजला बसून लिहीत राहा, मी तिकडे जाऊन राहतो. पोचल्यावर अंगमेहनतीचं काही काम शोधेनच. आणि लोपीस आडनाव बघून पोर्तुगालवाले तर विमानतळावरच मिठी मारतील.

माझं इथलं राहण्या-कामाचं कार्ड मेअखेर संपतं. अजून दोन वर्षं या वाफेत काढायची माझ्यात ताकद नाही. दुबई सोडली, कतार सोडलं, तेव्हा पपा म्हणाले की हा कुठे टिकत नाही. या वेळी पळून जायचं नाही, ताई, कागद हातात घेऊन जायचंय. बघ ना जरा.

तुझाच,
केनी

---

गिरीज, वसई
२६ जानेवारी २०२५

प्रिय केन्या,

गोल मारले नाहीत, पण हात शिवशिवत होता.

तुझं पत्र दोनदा वाचलं, तुझ्या भावोजींनाही वाचून दाखवलं. जेम्स आधी खूप हसला, मग त्याने लॅपटॉप उघडला आणि दोन तास उठला नाही. तुझा अमेरिकन बरोबर सांगतोय. असा व्हिसा आहे, आणि एकाच देशाचा नाही. स्पेनचा आहे, क्रोएशियाचा आहे, ग्रीसचा आहे. कुठे पदवी नाहीतर तीन वर्षांचा अनुभव मागतात, कुठे वर्षभरानंतर निघून जावं लागतं. पोर्तुगाल त्यातल्या त्यात बरा वाटतो, कारण तिथे नवराबायको, मुलं सगळ्यांना नेता येतं. पण त्यांची मागणीही मोठी आहे. कंपनीचा करार, मागच्या तीन महिन्यांची मिळकत, तिथल्या घराचा भाडेकरार, पोलीस दाखला, विमा.

मिठीचं मात्र विसर. पोर्तुगीज वसईतून गेले त्याला पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, आपण त्यांच्या स्वप्नातही नसू. गोव्याच्या लोकांचं वेगळं, त्यांच्या आजोबांच्या नोंदी तिकडे आहेत. आपल्याकडे नुसती आडनावं राहिली.

सोबत एक कागद जोडलाय. कंपनीकडून काही हवं असेल तर आधी हा द्यावा लागतो. इंग्रजीत आहे, त्यात डोकं घालू नकोस. छापून घे, खाली तुझ्या नावाच्या वर निळ्या पेनाने सही कर आणि फोटो काढून मला पाठव. पासपोर्टवर केली आहेस तश्शीच सही कर, तुझी फिल्मी सही नको.

पपा बरे आहेत. केळीच्या वाडीत पाणी सोडायला अजून स्वतः जातात, ऐकत नाहीत. जेसिका विचारते, केनीमामा समुद्रापलीकडे नक्की कुठे राहतो.

तुझी,
कार्मिनताई

---

सोहार
२८ जानेवारी २०२५

ताई,

सही केली, फोटो जोडलाय. रिसेप्शनवरच्या बाईने कागद छापून दिला. ती म्हणाली, वाचलास का? मी म्हटलं, माझी बहीण मास्तरीण आहे. शाळेचा दाखला, पासपोर्टचा फॉर्म, इथला करार, सगळं तिनेच वाचलंय. मी सहीपुरता. ती म्हणाली, नशीबवान आहेस.

सुपरवायझर कार्डाचं विचारत होता, पुढची दोन वर्षं करायची का? मी सांगितलं, नाही. तो म्हणाला, विचार कर, फेब्रुवारीत नावं द्यायची आहेत. मी म्हटलं, झाला विचार. त्याचं तोंड बघायला हवं होतंस.

जेसिकाला सांग, मामा लवकरच दुसऱ्या समुद्राकडे जाणार.

केनी

---

गिरीज
९ मार्च २०२५

प्रिय केन्या,

उशीर झाला, शाळेत परीक्षेचे दिवस. रागावू नकोस.

कार्डाचं तू इतक्या घाईने का सांगितलंस? मी तुला असं करायला सांगितलं नव्हतं. अजून वेळ गेली नसेल तर सुपरवायझरकडे जा आणि दोन वर्षं वाढवून घे. नोकरी सोडून व्हिसाची वाट बघणं बरं नाही. हे काम एक-दोन आठवड्यांचं नाही. तीन महिन्यांची मिळकत सलग दिसावी लागते, ती जमते आहे. त्यानंतर मुलाखतीची तारीख. मध्ये काहीही होऊ शकतं.

माझं ऐक. तिथलं हातातलं ठेव. मी ताई म्हणून सांगते आहे.

कार्मिन

---

सोहार
१३ एप्रिल २०२५

ताई,

आज झावळ्यांचा रविवार. इथे आम्हाला सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे चर्चला परवाच जाऊन आलो. झावळी मिळाली ती खोलीत पंख्यावर अडकवली आहे. बळीराम म्हणतो, पंखा लावला की ती माझ्या डोक्यात पडणार. बळीराम म्हणजे आमचा स्टोअरकीपर, डहाणूकडचा, बीकॉम झालेला. तो एकटाच माझ्याशी मराठीत भांडतो.

कार्ड मी वाढवलं नाही. तुला काळजी वाटते ते कळतं. तू लहानपणीपण असंच करायचीस, विहिरीजवळ गेलो की आधी हात धरायचीस आणि मग ओरडायचीस. पण एकदा तरी मला उडी मारू दे.

मी तयारी करतोय. अमेरिकन गेला, पण जाताना त्याने मुलाखतीत काय विचारतात ते सांगितलं. बळीराम साहेब होतो आणि मी समोर बसतो. तो विचारतो, मिस्टर लोपीस, वॉट इज युवर वर्क? मी म्हणतो, सर, आय राइट सबटायटल. तो म्हणतो, कुठल्या मालिकेचं? तिथे माझं गाडं अडतं. ताई, दोन-चार मालिकांची नावं तरी लिहून पाठव! आणि एका ओळीत किती अक्षरं बसवायची असतात, ती माणूस बोलायच्या आधी येते की नंतर, असलं काहीतरी. पाठ करतो. आयुष्यात पहिल्यांदा अभ्यास करायची इच्छा झाली आहे आणि मास्तरीण उत्तरच देत नाही.

पपांचा फोन होता. विचारत होते, दोन-तीन महिने खात्यात तुझं काही आलं नाही, काम बंद पडलं का? मी म्हटलं, ताईला विचारा, ते सगळं ती बघते. व्हिसासाठी पैसे दुसरीकडे वळते केले असशील. त्यांना समजावून सांग, उगाच घाबरतात.

मालिकांची नावं विसरू नकोस.

केनी

---

सोहार
४ मे २०२५

कार्मिन,

तीन आठवडे तू उत्तर दिलं नाहीस. आता का दिलं नाहीस ते कळलं.

प्रिस्काने व्हिडिओ पाठवला. आपल्या आळीतली प्रिस्का, तुझ्याच शाळेच्या ऑफिसात आहे ती. तिला वाटलं मला माहीत असणार. खाली तिने लिहिलंय, "केनी, तुझ्या ताईने रडवलं रे सगळ्यांना." तुझा निरोप समारंभ. शाल, नारळ, पोरांनी केलेलं मोठं कार्ड. सिस्टर माइकवर सांगतायत, आमच्या परेरा टीचर राजीनामा देऊन कुटुंबासह पोर्तुगालला निघाल्या आहेत, देव त्यांचं भलं करो. जेम्स पहिल्या रांगेत कोट घालून. जेसिका मांडीवर.

मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. मला वाटलं, कुठेतरी माझं नाव येईल. कोणीतरी म्हणेल, आधी भाऊ जाणार आहे. नाही आलं.

मग मी सही केलेल्या कागदाचा फोटो फोनवर उघडला आणि बळीरामला म्हटलं, वाच. तो अर्धा वाचून थांबला. म्हणाला, जाऊ दे ना केनी. मी म्हटलं, वाच. त्याने मराठीत सांगितलं ते मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे तुलाही मराठीत एकदा दिसेल.

"मी, केनी रॉबर्ट लोपीस, कबूल करतो की माझ्या नावावर झालेलं सर्व काम पहिल्या दिवसापासून माझी बहीण कार्मिन जेम्स परेरा हिने केलं आहे. मी त्यातलं काहीही केलेलं नाही, आणि ते काम मला येत नाही. यापुढचा करार तिच्या नावाने करावा. त्यावर माझा काहीही हक्क राहणार नाही."

तीन महिन्यांची मिळकत जमते आहे, असं लिहिलं होतंस. जमत होतीच. फेब्रुवारीपासून. तुझ्या नावावर.

तू मला एकही नियम खोटा सांगितला नाहीस. सगळे खरे होते, फक्त माझ्यासाठी नव्हते. आणि मी वेड्यासारखा बळीरामसमोर बसून "सर, आय राइट सबटायटल" घोकत होतो!

एकच विचारतो. "ते काम मला येत नाही" हे वाक्य कंपनीने मागितलं होतं, की तू घातलंस?

इथे माझ्या मशीनवर दुसरा माणूस आला आहे. मी त्याला शिकवतोय, कॉलर कशी धरायची ते. एकतीस मेला माझं कार्ड संपतं.

केनी

---

गिरीज
९ मे २०२५

केनी,

ते वाक्य मी घातलं. कंपनीने मागितलं नव्हतं. जेम्स म्हणाला, काढून टाक. मी काढलं नाही.

का, ते सांगते. सांगायला हवं होतं तेव्हा सांगितलं नाही, म्हणून आता शिव्या खाऊनच सांगावं लागेल.

मागच्या वर्षी याच महिन्यात आपल्या आळीच्या क्रुसाचा सण झाला. क्रुसाभोवती नवी फरशी बसली, आणि पपांनी पाटी लावली, "केनी रॉबर्ट लोपीस यांजकडून." मी ताटात लाडू घेऊन उभी होते. लोक पपांना म्हणत होते, रॉबर्टभाऊ, पोराने नशीब काढलं. पपा म्हणाले, मुलगी काय, ती तिच्या सासरची. ती फरशी माझ्या बोटांनी बसली होती, केनी. शाळा सुटल्यावर रोज चार तास कानाला हेडफोन लावून. पण खातं तुझं, म्हणून नाव तुझं. तेवढंही मी गिळलं. पण सणाच्या दिवशी तुझा फोन आला. पपांनी स्पीकरवर ठेवला. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "पपा, अजून काही लागलं तर सांगा."

त्या दिवशी मी ठरवलं. तुझं पत्र जानेवारीत आलं, त्याच्याआधीच ठरलं होतं. कुठे आणि कसं जायचं एवढंच कळत नव्हतं. ते तुझ्या पत्राने कळलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

तुला सरळ विचारलं असतं तर तू दिलं असतंस का? दिलं असतंस कदाचित. पण पपांना सांगितलं असतंस, पपांनी अडवलं असतं, म्हणाले असते, भावाचं हिरावू नकोस. आणि तू जायचं म्हणत होतास ते मला घाबरवत होतं. तुला मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला पकडलं असतं. आपण दोघं खोटे ठरलो असतो.

त्या कागदात एक तरी वाक्य खोटं आहे का, सांग.

आता मला मागायला तोंड नाही, तरी मागते. कंपनीत डायना नावाच्या नव्या बाई आल्या आहेत. ज्यांची नावं बदलली त्या सगळ्यांच्या फायली त्या तपासतायत. त्या तुला मेल करतील, की हे निवेदन तुझंच आहे ना. तू हो लिहिलंस तर त्या मला व्हिसासाठी पत्र देतील. नाही लिहिलंस तर माझा करार थांबेल. माझी मुलाखत सव्वीस मेला आहे. शाळेचा राजीनामा मंजूर झाला, माझ्या जागेवर बाई नेमल्या. माझ्याकडे परत जायला काही नाही.

तुझ्याकडेही नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच म्हणत होते, कार्ड वाढव.

कार्मिन

---

सोहार
१८ मे २०२५

कार्मिन,

डायनाबाईंचा मेल आला. बळीरामने वाचून दाखवला. मग मी फोनला मराठीत वाचायला लावलं, त्यानेही तेच सांगितलं. आता मी असंच करतो, दोघांकडून ऐकतो.

बळीराम म्हणाला, सरळ 'नाही' लिही, बघू कशी जाते. मीपण बोट ठेवलं होतं. खोटं लिहायचीही तेव्हा भीती नव्हती. मला तुला खाली पाडायचं होतं, आणि त्यासाठी एक शब्द पुरत होता.

पण काम तूच केलंस. मी त्या मालिकांची नावंसुद्धा सांगू शकलो नसतो. म्हणून लिहिलं, काम माझ्या बहिणीचं आहे, सगळं. आणि खाली लिहिलं, सही माझी आहे, पण मी केली तेव्हा त्यात काय लिहिलंय ते मला कोणी सांगितलं नव्हतं. बळीराम ओरडला, अरे, या दुसऱ्या ओळीने तिचं सगळं बिघडेल! मी म्हटलं, तिने मला विचारलं होतं, एक तरी वाक्य खोटं आहे का. माझ्या दोन ओळींतही नाही.

बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांनी विचारलं, आता सगळं कळल्यावर तुमची हरकत आहे का? हो किंवा नाही लिहा. मी पूर्ण दिवस घेतला. लिहिलं, नाही. तुझं पत्र तुला मिळेल. सव्वीस तारखेला जा.

हे तुझ्यावर उपकार म्हणून नाही.

तू पाटीचं लिहिलंस. ते खरं आहे. "अजून काही लागलं तर सांगा" मी बोललो होतो, आणि मला बोलताना छान वाटलं होतं. दुबईपासून पपा माझ्याबद्दल चारचौघांत काही बोलतच नव्हते. त्या दिवशी बोलले. मी विचार केला, असू दे एक दिवस. तुझ्या तोंडाकडे बघायला मी तिथे नव्हतो, आणि असतो तरी बघितलं नसतं बहुतेक. ती चूक माझी.

पण ताई, नाव मी चोरलं नव्हतं. तू मागितलंस, मी दिलं. परत हवं होतं तर मागायचं होतंस. मी भांडलो असतो, चार दिवस फोन घेतला नसता, आणि मग दिलं असतं. तू लिहितेस, "दिलं असतंस कदाचित." एवढं माहीत असताना तू तो कागद पाठवलास. लोकांनी मला खूप फसवलंय, दुबईच्या एजंटने पासपोर्ट ठेवून घेतला, कतारमध्ये सांगितलं एक काम आणि दिलं दुसरं. पण त्या प्रत्येक वेळी मी कागद तुला दाखवला नव्हता म्हणून फसलो, असं मी स्वतःला समजावायचो. आता काय समजावू?

पपांना मी फोन केला. सगळं सांगितलं. तीन वर्षं आलेलं सगळं तुझं होतं, फरशीसुद्धा तुझी, माझी एक वीट नाही. मग त्यांनी विचारलं, "आणि तो कागद तिने तुला वाचून दाखवला नव्हता?" मी म्हटलं, नाही पपा. ते म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला. पाटी त्यांनी दुसऱ्या दिवशी काढली, असं प्रिस्का सांगते. तुझ्या नावाची लावली नाही. रिकामीच ठेवली आहे जागा. त्याचं काय करायचं ते तू आणि पपा बघा.

मी एकतीसला इथून निघतो. मस्कतला बळीरामच्या ओळखीचा माणूस आहे, त्याच्याकडे पाहुण्याच्या व्हिसावर काही आठवडे राहीन. मग घरी येईन. वाडी पपांना एकट्याने झेपत नाही, आणि मला दुसरं सध्या काही येत नाही.

पण तुम्ही गावात असताना नाही. जेसिका धावत येईल, आणि मला तिच्यासमोर तुझ्याशी नीट बोलावं लागेल. ते मला जमणार नाही. तुम्ही विमानात बसलात की मी येतो. तारीख मला कळवू नकोस. पपांना सांग, ते मला सांगतील.

केनी रॉबर्ट लोपीस